रिकाम्या मात्रेतला श्वास

१

गाणं बिघडलंय हे त्या खोलीत सगळ्यांत आधी साहेबांच्या बुटाला कळलं.

साहेब गाणी काढणाऱ्या कंपनीचे. आठ गाण्यांचा संच शुक्रवारी बाहेर पडायचा होता आणि बुधवारी ते शेवटचं ऐकायला आले होते. पहिल्या गाण्याचं वाद्यांचं तोंड सुरू झालं तसा त्यांचा उजवा बूट तालात हलायला लागला. गायिकेचा आवाज आला आणि बूट घुटमळला. दोनदा भलत्याच जागी पडला, मग थांबला तो थांबलाच. मधल्या एका गाण्यात नुसती वाद्यं होती, शब्द नव्हते. तेवढ्यापुरता तो पुन्हा खुशीत डोलला. पुढच्या गाण्याला परत गप्प.

"मास्तर, स्पष्ट बोलू?" साहेब म्हणाले. "बाई मागे पडतायत. सातही गाण्यांत. तुम्हाला ऐकू नाही आलं?"

मास्तर म्हणजे ह्या गाण्यांची बांधणी करणारे. कुठे ढोल थांबवायचा, कुठे तंतुवाद्यं उचलायची, कडवं कितव्या मात्रेवर उघडायचं, सगळं तेच ठरवत. तीस वर्षं त्यांच्या कानावर लोकांनी डोळे मिटून विश्वास ठेवला होता. त्यांनी पडद्याकडे पाहिलं. तिथे रंगीत पट्ट्या नेहमीसारख्या एकाखाली एक मांडलेल्या होत्या.

"मला तर बरोबर वाटतंय," ते म्हणाले.

साहेबांनी घसा खाकरला. "होतं असं वयाबरोबर. आमच्याकडे एक जण आहे, तो दोन दिवसांत सावरून देईल. बांधणीवर नाव त्याचं लागेल. तुम्ही एक सही करा. उद्या संध्याकाळी पाचपर्यंत फोन करतो."

ते गेल्यावर मास्तर अर्धा तास तसेच बसून राहिले. मग बायकोला म्हणाले, "सही करतो. आणि ही खालची गाण्याची खोली रिकामी करून टाकू. कान गेलेल्या माणसानं गाणी बांधायची म्हणजे आंधळ्यानं गाडी चालवायची."

बायको शांतपणे म्हणाली, "अहो, एकदम असं नका म्हणू. अक्कांना बोलवते. त्या ऐकून काय म्हणतात ते बघा. ह्या घरात त्यांच्या कानाच्या पुढे कोण आहे?"

२

अक्का मास्तरांची थोरली बहीण. गेली चाळीस वर्षं लोकांच्या घरचे पियानो सुरात लावून देणं हा तिचा धंदा. आवाज इतका हळू, की समोरच्याला वाकून ऐकावं लागे, आणि माणूस एकदा वाकला की ओरडायचं विसरून जाई.

गुरुवारी सकाळी ती आली, पिशवी खुंटीला लावली आणि भावाला म्हणाली, "तू वर जा. चहा पी. तुझं तोंड समोर असलं की मला गाण्याऐवजी तुझी काळजी ऐकू येते."

खोलीत राहिला तो मास्तरांचा सहायक. अडतीस वर्षांचा, काटकुळा. दिवसभर संगणकाच्या माउसवर हात, म्हणून सगळे त्याला उंदीर म्हणत. त्यालाही आता त्याचं काही वाटत नसे.

"लाव," अक्का म्हणाली.

पहिलं गाणं तिनं डोळे मिटून ऐकलं. मास्तरांची एक खासियत होती. कडवं सुरू होण्याआधी ते सगळी वाद्यं एक मात्रा थांबवत. त्या रिकाम्या मात्रेत फक्त गायिकेचा श्वास ऐकू येई आणि मग एकदम शब्द उतरे. लोक त्या जागेसाठीच त्यांची गाणी ऐकत.

"ती जागा परत लाव."

त्यानं लावली.

"परत."

सातव्या वेळी तिनं डोळे उघडले. "उंदरा, गाणारं माणूस श्वास घेतल्यावर वाट बघतं का रे?"

"म्हणजे?"

"श्वास घेतला की शब्द त्याच्या पाठोपाठ येतो. छाती भरून घेऊन थांबतो तो एक तर डॉक्टरपुढे बसलेला, नाहीतर खोटं बोलायच्या तयारीतला. इथे श्वास अगदी वेळेवर आलाय. मग बारीकशी भोकासारखी शांतता. मग शब्द. बाई मागे पडली असती तर श्वासासकट पडली असती."

उंदराचा चेहरा उतरला. त्यानं पडद्यावरच्या दोन पट्ट्यांवर बोट ठेवलं. वरची जाड, खालची विरळ, मुंग्यांच्या रांगेसारखी. "अक्का, आम्ही श्वास कापून वेगळ्या पट्टीवर ठेवतो. म्हणजे त्यांचा आवाज निराळा कमी करता येतो. ही वरची पट्टी गाण्याची आणि ही खालची नुसत्या श्वासांची."

"आणि कुणीतरी वरची सरकवलीये. खालची तिथेच राहिलीये."

"हो."

"म्हणजे माझ्या भावाचा कान शाबूत आहे."

तो उठून जिन्याकडे पळणार तोच तिनं त्याच्या बाहीला धरलं. "बस. वर जाऊन सांगायचं नाही."

"पण अक्का, ते वर बसून सहीचं पेन शोधतायत!"

"शोधू दे. हे ज्यानं केलंय त्याला गाणी बिघडवायची नव्हती. गाणी काय, पुन्हा करता येतात. त्याला मास्तरांना असं बसलेलं बघायचं होतं. त्याला अजून थोडा वेळ खूश राहू दे. खूश माणूस बेसावध असतो." तिनं बाही सोडली. "आणि खालच्या खोलीची किल्ली तुझ्याकडेही आहे, ते मी विसरलेले नाही."

३

उंदीर खाली बसला. मग एकदम उसळला.

"विचारा ना सरळ! राग आहे का? आहे. नऊ वर्षं झाली. ह्या आठातल्या तीन गाण्यांची अख्खी बांधणी माझी आहे. वेष्टणावर माझं नाव कुठे? 'आणि सहकारी'. मी 'आणि' आहे, अक्का. आईनं एकदा भिंग घेऊन माझं नाव शोधलं होतं."

"मग घेतलास सूड?"

"घ्यायचा असता तर असा घाणेरडा घेतला असता? श्वास विसरून?" तो जवळजवळ दुखावला होता. "नऊ वर्षं मी एक एक श्वास हातानं कापतोय. झोपेत सांगितलं तरी मी दोन्ही पट्ट्या धरून सरकवीन. हे बघून मला लाज वाटतेय."

अक्काच्या ओठांचा कोपरा हलला. "अरे, मग हाच तुझा बचाव झाला की. मला एवढंच ऐकायचं होतं. आता सांग, कुणी कधी हात लावला ते ह्या यंत्रात कळतं का?"

कळत होतं. गाणं साठवलं की तो प्रोग्राम आधीची प्रत तारीखवार बाजूला ठेवत असे. त्या कप्प्यात कुणी डोकावत नसे. उंदरानं तो उघडला आणि त्याच्या तोंडून शिटीसारखा आवाज निघाला.

एक्केचाळीस प्रती. सलग एक्केचाळीस दिवसांच्या. सगळ्या सकाळी सहा ते साडेसहाच्या दरम्यान साठवलेल्या. त्यानं दुसरं गाणं पाहिलं, तिसरं पाहिलं. सातही गाण्यांत तेच.

"आवाज किती सरकलाय बघ. रोजचा."

त्यानं एका दिवसाची प्रत दुसऱ्या दिवसाच्या प्रतीवर ठेवून मोजलं. मग आणखी दोन दिवसांच्या मोजल्या. त्याचा आवाज खाली आला. "सेकंदाचा एक हजारावा भाग. रोज फक्त एक. बाणाचं बटण एकदा दाबलं की एवढंच सरकतं."

"एक्केचाळीस दिवसांत एक्केचाळीस."

"म्हणून आम्हाला कळलं नाही! आम्ही रोज ऐकत होतो. कालच्यापेक्षा आजचं वेगळं वाटायला हवं ना? वाटलंच नाही. कान तेवढा तेवढा सरकत गेला. साहेब दोन महिन्यांनी ऐकत होते, त्यांना पहिल्या फटक्यात कळलं." तो थांबला. "अक्का, मी अकराला येतो. सहाला मास्तर फिरायला जातात. हे कोण करत होतं?"

अक्का त्या तारखांच्या रांगेकडे बघत राहिली. रागाच्या भरात माणूस एका दिवसात सगळं मोडून टाकतो. हे तसं नव्हतं. एकही दिवस न चुकवता, मोजून मापून, रोज एक. जपमाळेचा मणी ओढावा तसं.

मोजामोजीत दुपार टळली होती. तेवढ्यात खालचं दार धाडकन उघडलं.

४

"कोण म्हणालं मी मागे पडते?"

मॅडम दारात उभ्या होत्या. सातही गाणी त्यांचीच. अठरा वर्षं मास्तरांची गाणी त्याच गात आल्या होत्या. साहेबांनी त्यांना सकाळी फोन केला होता.

"बसा," अक्का म्हणाली.

"बसायला नाही आले! मला बाहेर काढायचा डाव आहे हा. पुढच्या संचाला नवा आवाज घेणार म्हणून मास्तर मागच्या महिन्यात मला तोंडावर म्हणालेत. तेव्हाच मी सांगितलं होतं, अठरा वर्षांचं हे असं फेडणार असाल तर मीही बघून घेईन."

"काय बघून घेतलंत?"

मॅडम क्षणभर चमकल्या. "मी? स्वतःच्याच आवाजाचं मी वाटोळं करून घेईन? मास्तरांच्या नाकावर माशी बसली म्हणून मी माझं नाक कापायचं?"

"तेही खरंच," अक्का म्हणाली. "एक विचारते. गाण्यातून श्वास वेगळे काढायची पद्धत कधीपासून?"

"दहा वर्षं झाली. मीच हट्टानं सुरू करायला लावली. एकानं लिहिलं होतं, बाई जिना चढून आल्यासारख्या गातात. तेव्हापासून माझे श्वास वेगळे ठेवायचे, मी म्हणेन तेवढेच ऐकवायचे. इथे सगळ्यांना पाठ आहे ते."

अक्कानं मान हलवली. उंदराला माहीत, मास्तरांना माहीत, मॅडमना माहीत. ज्यानं पट्टी सरकवली त्याला मात्र माहीत नव्हतं. म्हणजे बटण ओळखणारं, पट्टी सरकवता येणारं, पण दहा वर्षांहून जुन्या काळात शिकलेलं कुणीतरी. ज्या काळात श्वास आणि शब्द एकाच पट्टीवर असत.

मॅडम आता खुर्चीत टेकल्या होत्या. राग ओसरला की त्या दमलेल्या दिसत. "मागे पडते हा शब्दच मला सहन होत नाही हो. कारण त्याच शब्दावर मला पहिलं गाणं मिळालंय. ते गाणं आधी दुसरीचं होतं. गाऊनही झालं होतं. ती मागे पडते असं ठरलं, तिला काढलं आणि मला बोलावलं."

"कुणी ठरवलं?" उंदरानं विचारलं.

मॅडमनी अक्काकडे पाहिलं. "ह्यांनीच की."

५

अक्काला ती दुपार आठवत होती. हीच खोली. भावानं तिला बोलावून घेतलं होतं. त्याची नवी नवी बायको कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली होती, हात मांडीवर घट्ट धरून. ते तिचं पहिलं गाणं होतं. भाऊ म्हणाला, अक्का, तूच सांग, माझं काही ऐकू नकोस. अक्कानं ऐकलं. आणि जे ऐकू आलं तेच सांगितलं. आवाज गोड आहे, पण मागे पडते.

त्यानंतर वहिनी कधी गायली नाही. पोरं झाली, त्यांना थोपटून झोपवलं, गाऊन नाही. कुणी आग्रह केला तर हसून म्हणे, "मला ताल नाही. आमच्या अक्कांनीच सांगितलंय."

"उंदरा, ते अठरा वर्षांपूर्वीचं गाणं इथे आहे?"

कपाटात जुन्या डिस्कचा खोका होता. वरच्या डिस्कवरची धूळ पुसलेली होती. उंदरानं ती जोडली, गाण्याची नोंद उघडली आणि मागे सरकला. "हे शेवटचं उघडलंय बेचाळीस दिवसांपूर्वी."

म्हणजे पहिलं बटण दाबलं त्याच्या आदल्या दिवशी.

पडद्यावर मोजक्याच पट्ट्या होत्या. उंदरानं त्या चाळल्या आणि तळाशी एक दडवून ठेवलेली पट्टी सापडली. आवाज बंद केलेली. त्यानं ती चालू केली.

वहिनीचा अठ्ठाविसाव्या वर्षीचा आवाज खोलीत आला. शब्द बरोबर मात्रेवर पडत होते, दिव्याचं बटण दाबावं आणि दिवा लागावा तसे.

"ही मूळची," उंदीर कुजबुजला. "वरची तिचीच नक्कल आहे. हातानं मागे सरकवलेली." त्यानं मोजलं. आकडा वाचायची त्याला गरज पडली नाही. मॅडमच पुटपुटल्या, "एक्केचाळीस?"

"तेव्हा श्वासही त्याच पट्टीत होते," अक्का म्हणाली. "श्वासासकट सरकवली. म्हणून मला भोक ऐकू आलं नाही. मला खोटं ऐकवलं गेलं, आणि मी ते खरं म्हणून सांगितलं."

ती उठली. मॅडमनी तोंडाला पदर लावावा तसा हात लावला होता. अठरा वर्षांच्या नावलौकिकाखालची जमीन त्यांनाही आत्ताच दिसली होती.

"पाचला किती वेळ आहे?" अक्कानं विचारलं.

"वीस मिनिटं."

६

वहिनी वरच्या खोलीत इस्त्री करत होती. अक्का आत आली तेव्हा तिनं मान वर केली नाही.

"ऐकलंत अक्का? मग सांगा ना त्यांना. मागे पडतोस म्हणून सांगा. तेव्हा सांगितलंत तसंच, हळू आवाजात."

"त्यासाठी बोलावलंस मला?"

"तेवढ्यासाठीच." तिनं सदऱ्याची बाही उलटी केली. "कंपनीच्या माणसानं म्हटल्यानं माणूस मरत नाही. घरातल्या माणसानं म्हटल्यावर मरतो. मला अनुभव आहे."

"श्वास राहिले गं," अक्का म्हणाली. "आता ते वेगळ्या पट्टीवर ठेवतात."

इस्त्री थांबली. वहिनीनं ती उभी ठेवली आणि बटण बंद केलं. घाबरली नव्हती. उलट ओझं खाली ठेवल्यासारखी दिसत होती.

"लग्नानंतर दोन वर्षं मीच त्यांच्या शेजारी बसून पट्ट्या लावायचे," ती म्हणाली. "तेव्हाचं तेवढंच येतं मला. दीड महिन्यापूर्वी म्हणाले, जुन्या डिस्क भंगारात दे. टाकायच्या आधी एकदा स्वतःचा आवाज ऐकावा म्हणून उघडली, तर तळाशी बंद केलेली पट्टी सापडली. अक्का, मी ऐकत बसले आणि वाट बघत बसले, कुठे मागे पडते, कुठे मागे पडते. कुठेच नाही हो."

"मग?"

"मग काय. दुसऱ्या दिवशी आंघोळ केली, देवापुढे हात जोडले आणि खाली गेले. सात गाणी, प्रत्येकाला एक बटण. वाटलं, संध्याकाळी ओळखतील. नाही ओळखलं. म्हणून दुसऱ्या दिवशी आणखी एक. माझा आवाज जेवढा सरकवला होता तेवढा होईपर्यंत, एक्केचाळीस दिवस नेम चुकवला नाही. ताप होता तेव्हासुद्धा गेले."

"देवापुढे हात जोडून हे असं?"

"देवाला सांगूनच करत होते. लपवायचं होतं ते माणसांपासून."

दारात मास्तर उभे होते. एका हातात सहीचा कागद, दुसऱ्यात मोबाईल. शेवटचं एखादं वाक्य त्यांनी ऐकलं असावं, अर्थ लागला नव्हता.

"काय लपवायचं होतं?" ते म्हणाले. "उंदीर खाली रडतोय, काही सांगत नाही."

"तुझा कान शाबूत आहे," अक्का म्हणाली. "गाणी मुद्दाम सरकवली होती."

मास्तर पलंगावर बसले. तोंडावरून हात फिरवला. "शाबूत आहे? नक्की? अक्का, नक्की ना? अगदी पहिल्यासारखा?" ते हसत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. कुणी सरकवली हे विचारायचं त्यांना सुचलंही नाही.

वहिनी ते हसणं बघत होती. "बघा अक्का. एका दिवसात सुटका झाली ह्यांची. मला अठरा वर्षांत कुणी येऊन सांगितलं नाही, तू शाबूत आहेस म्हणून."

मास्तरांचं हसू हळूहळू विझलं. ते तिच्याकडे बघत राहिले आणि त्यांना सगळं कळलं. कळायला वेळ लागला नाही, कारण अर्धं त्यांना आधीपासूनच माहीत होतं.

"कंपनीला तुझा आवाज नको होता," ते म्हणाले. "तसं सांगितलं असतं तर तुला वाईट वाटलं असतं."

"म्हणून मला बेताल केलंत."

"मी तुला जपत होतो."

"आणि माझ्याकडून वदवून घेतलंस," अक्का म्हणाली.

हातातला मोबाईल वाजला. साहेब. मास्तर ताडकन उभे राहिले आणि त्यांनी फोन बहिणीपुढे धरला. "अक्का, तू सांग. तुझा शब्द ते मानतील. यंत्रात बिघाड होता, एवढंच सांग. बाकी घरातलं घरात राहू दे. माझं नाव जाईल गं. पाया पडतो."

अक्कानं फोन घेतला.

"साहेब, मास्तरांची बहीण बोलतेय. सहीची गरज नाही. आज रात्रीपर्यंत सातही गाणी जागेवर येतील. त्यांचा कान उत्तम आहे." ती नेहमीसारखीच हळू बोलत होती. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "नाही, यंत्रात बिघाड नव्हता. वेळ आहे ना तुम्हाला? अठरा वर्षांपूर्वीपासून सांगावं लागेल. तेव्हा एका गाण्यातून खोटं ठरवून एक आवाज काढला होता, तोही परत आणायचाय."

मास्तर मटकन खाली बसले.

वहिनीनं खुर्ची ओढली, अक्काच्या अगदी जवळ. एक शब्दही निसटू नये म्हणून.